‘अटळ’ कशाला म्हणावे?

मराठी माणसाच्या बोलण्यात दैव, नशीब, प्रारब्ध, नियती, भवितव्य, विधिलिखित असे कितीतरी शब्द सहज येतात. पीक बुडाले, ठरलेले लग्न मोडले, घरातला कर्ता माणूस अकाली गेला, की ह्यांपैकी जो शब्द जिभेवर येईल तो उच्चारला जातो आणि ऐकणाराही मान डोलावतो. दुःखाच्या प्रसंगी शब्दांची पारख करीत बसणे माणुसकीला धरून होणार नाही. परंतु हेच शब्द जेव्हा इतिहासाच्या पानावर उतरतात, तेव्हा त्यांची पारख केल्यावाचून चालत नाही. घरात उच्चारलेला ‘नशीब’ हा शब्द शोकाचा भार हलका करतो. इतिहासात लिहिलेला ‘अटळ’ हा शब्द पुष्कळदा एखाद्या कृत्याच्या जबाबदारीचा भार हलका करतो.

आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूरच्या डोंगराळ मुलखाचा इतिहास ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. रेल्वे आली, सडका झाल्या, बाहेरचा शेतकरी आणि सावकार आला, तेव्हा गोंड आणि कोलाम ह्यांच्या हातून जमिनी जाणे अटळच होते, असे त्या इतिहासाबद्दल सहजपणे म्हटले जाते. वाक्य मोठे समंजस वाटते. त्यात कोणावर रोष नाही, कोणाचा कैवार नाही. तथापि ह्या एका वाक्यात ‘अटळ’ हा शब्द आपल्या जागी आहे की नाही, ह्या प्रश्नावर एका सबंध मुलखाच्या इतिहासाचा निवाडा अवलंबून आहे.

प्रथम शब्दांकडे वळू. आपल्याकडील आधुनिक इतिहासलेखनावर इंग्रजीची छाया पडलेली असल्यामुळे त्या भाषेतील शब्दांपासून आरंभ करणे सोयीचे आहे. इंग्रजीत फेट, डेस्टिनी, डूम आणि इनेव्हिटेबल असे चार शब्द ह्या अर्थाच्या आसपास वावरतात. फेट हा शब्द लॅटिनमधील ‘बोलणे’ ह्या अर्थाच्या धातूपासून आला आहे. देवतेच्या मुखातून जे एकदा बोलले गेले ते फेट. डेस्टिनीच्या मुळाशी एखादी गोष्ट पक्की करणे, रोवणे असा अर्थ आहे, आणि प्रवासाच्या मुक्कामाला इंग्रजीत जो शब्द आहे तो तिचाच सख्खा भाऊ आहे. म्हणून डेस्टिनी म्हटले की कोठेतरी पोहोचण्याचा भाव येतो. डूम हा जुन्या इंग्रजीतील न्यायनिवाड्याचा शब्द. निवाडा पुष्कळदा शिक्षेचाच असावयाचा, म्हणून पुढे त्याला सर्वनाशाचा अर्थ चिकटला. इनेव्हिटेबल हा ह्या सर्वांहून कोरडा शब्द आहे. जे चुकविता येत नाही ते, एवढेच तो सांगतो. कोणी बोलले, कोणी ठरविले, कोणी शिक्षा दिली, ह्याविषयी तो मौन पाळतो.

ह्या चार शब्दांत अदलाबदल केली तर काय होते, ह्याचा दाखला जगाच्या इतिहासात आहे. १९४७च्या ऑगस्टमधील मध्यरात्रीच्या भाषणात पंडित नेहरूंनी डेस्टिनी हा शब्द वापरला. तेथे फेट म्हटले असते तर उत्साह मावळला असता आणि डूम म्हणणे तर केवळ अशक्य होते. उलट १८४५ साली अमेरिकेत जॉन ओसलिव्हन ह्या पत्रकाराने गोऱ्या वसाहतवाल्यांच्या पश्चिमेकडील विस्ताराला उघड दिसणारी डेस्टिनी असे नाव दिले. ज्या जमिनींवर हा विस्तार व्हावयाचा होता तेथे मूळच्या जमाती राहत होत्या, आणि त्यांना मिसिसिपी नदीपलीकडे हलविण्याचा कायदा १८३० सालीच झाला होता. एकच घटना, जमीन घेणाऱ्याच्या तोंडी ती डेस्टिनी ठरली आणि जमीन गमावणाऱ्याच्या वाट्याला ती डूम म्हणून आली. तटस्थ ग्रंथकाराने मग तिला इनेव्हिटेबल म्हटले, की दोन्ही पक्ष पुसले जातात आणि कायदा करणारी सभाही दृष्टीआड होते.

मराठीतील शब्दांची वंशावळही अशीच बोलकी आहे. दैव हे देवाकडून आलेले. नियती म्हणजे नियमाने जखडलेली गती. बुद्धाचा समकालीन मक्खली गोसाल आणि त्याचे आजीवक पंथी ह्यांनी तर सारे विश्व नियतीच्याच हाती सोपविले होते. नशीब हा अरबी शब्द असून त्याचा अर्थ वाटा किंवा हिस्सा असा आहे. किस्मत ह्या शब्दाचा अर्थही वाटणी असाच. वाटा म्हटला की वाटणारा आला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. विधिलिखित आणि ललाटलेख ह्या शब्दांत लिहिण्याची कल्पना आहे. बाळाच्या जन्मानंतर पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येऊन कपाळी लेख लिहिते, ह्या समजुतीने आपल्याकडे पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवीत आले आहेत. अपरिहार्य म्हणजे ज्याचा परिहार नाही, ज्यावर उपाय नाही ते. अनिवार्य म्हणजे ज्याचे निवारण करता येत नाही ते. पण ह्या शेवटच्या शब्दाचा आजचा व्यवहार पाहावा: शाळेत एखादा विषय अनिवार्य असतो तो कोणा परमेश्वरी इच्छेने नव्हे, तर शिक्षणखात्याच्या हुकुमाने. माणसाने काढलेला हुकूम दैवाचे वस्त्र पांघरून कसा वावरू शकतो, हे ह्या एका शब्दाच्या प्रवासावरून दिसून येते.

प्रारब्ध ह्या शब्दाचा तर आपण फार सैलपणे वापर करतो. त्याचा मूळ अर्थ ‘सुरू झालेले’ असा आहे. वेदान्तात संचित कर्मापैकी ज्याचे फळ मिळू लागले आहे तेवढेच प्रारब्ध मानतात. ज्याचा आरंभ झालेला नाही ते अनारब्ध. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्मविपाकाची चर्चा करताना ह्या भेदाला महत्त्व दिले आहे आणि त्या प्रकरणाच्या नावातच कर्मविपाकाच्या जोडीला आत्मस्वातंत्र्य हा शब्द ठेवला आहे. ह्या भेदासाठी जुने आचार्य बाणाचा दृष्टान्त देतात. धनुष्यातून सुटलेला बाण परत बोलाविता येत नाही. भात्यातील बाण मात्र धनुर्धराच्या हाती असतो. इतिहासकाराला ह्याहून चांगली कसोटी मिळणे कठीण आहे. एखादी घटना अटळ होती असे म्हणण्यापूर्वी त्याने एवढेच विचारावे, की त्या वेळी बाण सुटला होता, की भात्यातच होता?

आता हीच कसोटी उटनूरला लावून पाहू.

उटनूरचा प्रदेश पैनगंगा आणि गोदावरी ह्यांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यात आहे. राजगोंड, कोलाम, परधान, तोटी, नायकपोड, आंध अशा जमाती तेथे राहतात. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा उर्दू, घरातील भाषा गोंडी किंवा कोलामी, आणि बाजारहाटाच्या व्यवहारात पुष्कळ ठिकाणी मराठी, असा तेथील भाषांचा मेळ होता. किंगरी वाजवून गोंडांच्या कुळकथा गाणाऱ्या परधानांची घरची बोली तर मराठीच. केसलापूरच्या नागोबाच्या यात्रेला पौष महिन्याच्या अमावास्येस मेस्राम कुळाचे गोंड जमतात, आणि पैनगंगेच्या ह्या काठावरील चंद्रपूर व यवतमाळकडील गोंडांशी त्यांचे नातेसंबंध आहेत. मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही.

तेथील शेतीची रीत समजून घेतल्यावाचून पुढचा इतिहास उमगत नाही. डोंगरमाथ्यावरील हलकी जमीन काही वर्षे पेरली की तिचा कस उतरतो. गोंड शेतकरी ती सोडून दुसरा तुकडा पेरीत असे आणि काही वर्षांनी पहिल्या तुकड्याकडे परत येत असे. त्याच्या दृष्टीने ती जमीन विसावा घेत होती. परंतु मोजणी करणाऱ्या कारकुनाच्या दृष्टीस तेथे पीक नव्हते, वहिवाट नव्हती, आणि गोंडाजवळ कागदही नव्हता. त्यामुळे विसावा घेणारी जमीन दप्तरात पडीक ठरली. पडीक म्हणजे सरकारी, आणि सरकारी म्हणजे मागेल त्याला पट्टा करून देण्याजोगी किंवा राखीव जंगलात घालण्याजोगी. ज्याला अर्ज लिहिता येत होता, ज्याची कचेरीत ओळख होती, त्याने पट्टा करून घेतला. ज्याच्या बापजाद्यांनी ती जमीन साफ केली होती तो तिच्यावर कूळ म्हणून राबू लागला. कित्येक गोंड सरकारात पैसे भरून शिवाय जमाबंदीखाली जमीन कशीत असत. त्या वहिवाटीला पुढच्या वर्षाचा भरवसा नव्हता.

ह्यातच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या. पुष्कळ ठिकाणी त्या गावाच्या अगदी अंगालगत आल्या. विसावा घेणारी शेते रेषेच्या आत गेली आणि काही वस्त्या तर संपूर्णपणे जंगलखात्याच्या हद्दीत सापडल्या. लाकूड तोडले तर दंड, गुरे शिरली तर दंड, आणि दंड टाळावयाचा तर शिपायाचा हात ओला करणे भाग. १९२९ साली काझीपेठ ते बल्लारशा हा लोहमार्ग पुरा झाला आणि जिल्ह्याच्या पूर्वेकडील भाग मोठ्या बाजारपेठांना जोडला गेला. जमिनीला किंमत आली. किंमत आली तसा पट्ट्याला अर्थ आला, आणि पट्टा नसलेल्या माणसाचा पाय घसरत गेला.

आपल्याकडे कपाळावरचा लेख कोणाला वाचता येत नाही असे म्हणतात. उटनूरच्या गोंडाचा खरा लेख पटवाऱ्याच्या दप्तरात होता. तो वाचता येण्याजोगा होता, खोडता येण्याजोगा होता, नव्याने लिहिताही येण्याजोगा होता. अडचण एवढीच, की ज्याचे भवितव्य त्यात लिहिले जात होते त्याला अक्षर येत नव्हते.

१९४० साल उजाडले. बाबेझरी आणि जोडेघाट ह्या परिसरात, आसिफाबादच्या डोंगरात, कुमराम भीम ह्या गोंड पुढाऱ्याभोवती लोक जमले. जंगल साफ करून वसविलेली गावे उठवू नयेत, ती शेती आम्हाला करू द्यावी, अशी त्यांची मागणी होती. बारा गावांचा उल्लेख लोकपरंपरेत येतो. अधिकाऱ्यांशी झालेली बोलणी फिसकटली, पोलीस डोंगरावर चढले, गोळीबार झाला आणि भीम व त्यांचे काही साथीदार ठार झाले. दरवर्षी आश्विन पौर्णिमेच्या सुमारास जोडेघाटला त्यांचे स्मरण केले जाते, आणि २०१६ साली जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हा आसिफाबाद जिल्ह्याला त्यांचे नाव देण्यात आले.

हा संघर्ष अटळ होता काय? येथवरची हकीकत वाचून मन होकार देऊ लागते. एका बाजूला रेषा आखणारे खाते, दुसऱ्या बाजूला जमिनीवाचून जगू न शकणारा समाज. ठिणगी पडणारच होती, असे वाटते. पण १९४० नंतरच्या दहा वर्षांत जे घडले ते पाहिल्यावर हा होकार मागे घ्यावा लागतो.

त्या वेळी हैदराबाद संस्थानात क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे व्हिएन्नाचे मानवशास्त्रज्ञ होते. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते हिंदुस्थानात होते. जर्मन पारपत्रामुळे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांच्या हालचालीला संस्थानाची मर्यादा घालण्यात आली. ह्याच गृहस्थांना निजाम सरकारने गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधावयास सांगितले. मारलवाई ह्या गोंड खेड्यात राहून त्यांनी आणि त्यांच्या पत्नी बेट्टी ह्यांनी तो अभ्यास केला. त्यांचे चार अहवाल १९४५ साली ‘ट्रायबल हैदराबाद’ ह्या नावाने प्रसिद्ध झाले. त्यांनी दाखविलेली कारणे गूढ नव्हती: पट्टा नाही, जंगलाच्या रेषा गावाला खेटून, खालच्या नोकरांची लाचखोरी, आणि राज्यकारभाराची भाषा व लिपी लोकांना अगम्य. प्रत्येक कारणापुढे उपाय लिहिता येत होता, आणि तो लिहिला गेला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की पुष्कळसा अमलातही आला. ज्या सरकारने १९४० साली गोळी चालविली त्याच सरकारने पुढच्या काही वर्षांत आदिलाबाद जिल्ह्यातील आदिवासींना विशेष नियमांखाली पट्टे दिले. त्या जमिनीचे क्षेत्र एक लाख एकरांहून अधिक भरले. १९४३ साली मारलवाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षणकेंद्र निघाले. गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके तयार झाली ती देवनागरी लिपीत, कारण मराठीच्या परिचयामुळे ती लिपी त्या भागात जवळची होती. नागोबाच्या यात्रेत अधिकाऱ्यांनी बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकावी, असा दरबार भरू लागला. हैदराबादच्या मुलकी सेवेतील सेतुमाधवराव पगडी हे आदिलाबादेत अधिकारी असताना गोंडी शिकले, त्यांनी त्या भाषेचे व्याकरण लिहिले आणि तेथील गोंडांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. शिवकालाचे इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले पगडी ते हेच.

डोंगर तेच होते, लोक तेच होते, रेल्वे आणि बाजार तेच होते, राज्यही तेच होते. बदलला तो हुकूम. मग ज्याचा परिहार १९४५ साली करता आला त्याला १९४० साली अपरिहार्य म्हणता येणार नाही. जोडेघाटच्या आधी बाण भात्यातच होता. तो सोडला गेला, एवढेच इतिहासाने सांगावे.

ह्याचा अर्थ सारेच काही माणसाच्या हाती होते असा मात्र करू नये. ते करणे ही दुसऱ्या बाजूची अतिशयोक्ती होईल. लोहमार्ग झाल्यावर बाहेरचा माणूस ह्या मुलखात येणार, कापूस आणि तेलबियांना गिऱ्हाईक मिळणार, लोकसंख्या वाढून विसाव्यासाठी जमीन सोडण्याची चैन कमी होत जाणार, ह्या गोष्टी रोखून धरणे कोणाच्याही आवाक्यातील नव्हते. त्यांना ‘होणारच’ हा साधा मराठी शब्द शोभतो. परंतु बाहेरचा माणूस येणे ही एक गोष्ट आणि त्याच्या नावावर गोंडाच्या शेताचा पट्टा होणे ही दुसरी. पहिली काळाच्या ओघाने आली, दुसरी सही-शिक्क्याने. दोहोंना मिळून एकच ‘अटळ’ शब्द वापरला की सही-शिक्का काळाच्या ओघात वाहून जातो.

ह्या प्रश्नावर युरोपातही मोठा वाद झाला आहे. १९५३ साली आयझाया बर्लिन ह्यांनी ऐतिहासिक अटळतेवर लंडनला व्याख्यान दिले. इतिहास अटळ नियमांनी चालतो असे मानले तर स्तुती, निंदा आणि जबाबदारी ह्या कल्पनांनाच अर्थ उरत नाही, असा त्यांचा रोख होता. १९६१ साली केंब्रिजच्या व्याख्यानांत ई. एच. कार ह्यांनी बर्लिन ह्यांच्याशी कडाक्याचा मतभेद मांडला; घटनांना कारणे असतात आणि ती शोधणे हेच इतिहासकाराचे काम, यदाकदाचिताचे खेळ नव्हेत, असे त्यांचे म्हणणे. पण त्या कार ह्यांनीही एक गोष्ट मान्य केली: बोल्शेविक आणि रशियातील चर्च ह्यांचा संघर्ष अटळ होता असे आपण लिहिले, त्याऐवजी ‘अत्यंत संभाव्य’ म्हणणे अधिक शहाणपणाचे झाले असते. विरुद्ध टोकांचे दोन पंडित ह्या एका शब्दाबद्दल इतपत जवळ येतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जोडेघाटच्या संघर्षालाही ‘अत्यंत संभाव्य’ म्हणावे. कारणे पाहता ते खरे आहे. मात्र संभाव्य म्हटले की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो, की ती संभाव्यता कोणी वाढविली आणि ती कमी करणे कोणाच्या हाती होते. ‘अटळ’ हा शब्द तो प्रश्न विचारूच देत नाही.

उटनूरच्या पुढील इतिहासातही ही कसोटी उपयोगी पडते. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्याची वाटणी झाली. राजुरा आणि किनवट हे तालुके व बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ तेव्हाच्या मुंबई राज्यात आले आणि आज ते महाराष्ट्रात आहेत. उटनूर आंध्र प्रदेशात गेले आणि २०१४ पासून ते तेलंगणात आहे. राजुऱ्याचा गोंड आणि उटनूरचा गोंड ह्यांची कुळे एक, देव एक. पण एकाच्या मुलाने मराठी शाळेत जावयाचे आणि दुसऱ्याच्या मुलाने तेलुगू शाळेत, असे ठरले. देवनागरीत आरंभलेल्या गोंडी वाचनपुस्तकांचा मागही पुढे तुटला. येथे नशीब हा शब्द त्याच्या मूळच्या अर्थाने मात्र चपखल बसतो: हा वाटणीने आलेला वाटा होता. सीमा आखणारी वाटणी कायद्याने झाली होती आणि तिचे कलम आजही वाचता येते.

सीमेचा परिणाम आणखी एका रीतीने झाला. महाराष्ट्रात बंजारा समाजाची गणना विमुक्त जातींत होते. सीमेपलीकडे १९७६च्या केंद्रीय कायद्यान्वये लंबाडा समाज अनुसूचित जमातींत आला. आदिवासी क्षेत्रातील जमिनीचे संरक्षण आणि सवलती ह्यांचे वाटेकरी त्यामुळे वाढले, आणि गोंड व लंबाडा ह्यांच्यात तेढ निर्माण झाली. तिलाही कोणी दोन जमातींचे जन्मजात वैर समजू नये. दोन्ही समाज कष्टकरी आहेत. त्यांना समोरासमोर उभे केले ते सूचीतील नोंदींनी.

जमिनीविषयीचे कायदे ह्या काळात कडक होत गेले. अनुसूचित क्षेत्रातील जमिनींच्या हस्तांतराविषयी आंध्र प्रदेशाने १९५९ साली विनियम केला, तो १९६३ साली तेलंगण भागाला लागू झाला आणि १९७०च्या दुरुस्तीने बिगर-आदिवासीच्या नावे जमीन करणे पूर्णपणे निषिद्ध ठरले. कागदावर ह्याहून अधिक काय हवे? पण चाळीसच्या दशकात दिलेल्या पट्ट्यांपैकी पुष्कळ जमिनी कर्जापोटी, बनावट व्यवहारांनी आणि दुर्लक्षामुळे पुन्हा परक्या हाती गेल्या होत्या. हायमेनडॉर्फ सत्तरीच्या दशकात तेथे परत आले तेव्हा त्यांना आपले पूर्वीचे काम विस्कटलेले दिसले, आणि १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी ती हकीकत नोंदविली.

२० एप्रिल १९८१ रोजी उटनूरजवळच्या इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या प्रश्नावर गोंडांची सभा भरावयाची होती. तिला बंदी करण्यात आली. तो बाजाराचा दिवस होता. डोंगरांतून माणसे येतच राहिली. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा आहे. इतरांनी केलेली मोजदाद त्याहून पुष्कळ मोठी आहे. तेथे उभारलेला स्तंभ त्या दिवसाची आठवण देतो.

जोडेघाट आणि इंद्रवेल्ली ह्यांच्यामध्ये चाळीस वर्षे गेली. राज्य बदलले, ध्वज बदलला, राज्यघटना आली. प्रश्न जमिनीचाच राहिला. अशा वेळी ‘हे विधिलिखितच होते’ असे उद्गार निघाले तर नवल नाही, कारण पुनरावृत्तीला दैवासारखा चेहरा असतो. पण इंद्रवेल्लीला तर हा शब्द जोडेघाटपेक्षाही कमी लागू पडतो. १९४० साली निदान कारणे शोधावयाची होती. १९८१ साली कारणे ग्रंथात छापलेली होती, उपाय कायद्यात लिहिलेला होता, आणि तो एकदा ह्याच डोंगरांत करूनही पाहिलेला होता. परिहार ठाऊक असूनही झाला नाही, त्याला अपरिहार्य म्हणणे ही भाषेचीच फसवणूक होय.

मग इतिहास लिहिणाऱ्याने कोणता शब्द कोठे वापरावा? डोंगरउतारावरील हलक्या जमिनीचा कस पेरणीने उतरतो, ते अटळ आहे. रेल्वेमागून व्यापार येतो, ते होणारच. रेषा गावाला खेटून आखल्या तर लोक चिडतात, ते संभाव्य आहे, आणि आखणाऱ्याला कळण्यासारखेही आहे. पट्टा कोणाच्या नावाने होतो, तो ठराव आहे. सभेला बंदी करणे हा हुकूम आहे. ‘ठराव’ आणि ‘हुकूम’ हे शब्द दैव किंवा नियती ह्यांच्याइतके भारदस्त नाहीत, त्यांत गांभीर्याचा नाद नाही. परंतु त्यांच्या मागे कर्ता सापडतो.

जमीन गमावलेल्या माणसाने आपल्या ओसरीवर बसून ‘नशीब’ म्हणावे; तो त्याचा अधिकार आहे आणि त्याच्या सहनशक्तीची ती भाषा आहे. त्याच्या तोंडचा शब्द उचलून दप्तर सांभाळणाऱ्याने किंवा ग्रंथकाराने वापरणे मात्र उचित नव्हे. उटनूर येथे आज एकात्मिक आदिवासी विकास संस्थेची कचेरी आहे. तिच्यापुढे येणाऱ्या अर्जांत अजूनही पट्ट्याचे आणि जंगलहक्काचे अर्ज असतात. त्यांपैकी प्रत्येक अर्ज, जोवर त्यावर निर्णय लिहिला गेलेला नाही तोवर, अनारब्ध आहे.